देव्हाऱ्यातला काळा दगड

देव्हाऱ्यातला तो काळा, गुळगुळीत दगड म्हणजे शाळिग्राम. तो नेपाळातल्या काली गंडकी नदीत सापडतो. पुष्कळदा त्याच्या आत चक्र दिसते. ते कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या अ‍ॅमोनाइट नावाच्या प्राण्याचे कवच! समुद्रतळ उचलला जाऊन हिमालय झाला, तेव्हा तेही वर आले.

आम्ही त्याला रोज स्नान घालतो, कोरडे पुसतो, तुळशीचे पान वाहतो. अक्षता वाहत नाहीत. इथे रास लफानला समुद्राचे पाणी गोड करतात. म्हणजे समुद्रातल्या जिवाला पुन्हा समुद्राचेच पाणी! तुळस जपणे मात्र कठीण. जूनमध्ये कुंडी घरात घ्यावी लागते.

पूजा चुकू नये म्हणून सुट्टीला भारतात जाताना आम्ही शाळिग्राम शेजाऱ्यांकडे ठेवतो. यंदा तेही आमच्याच आठवड्यात निघालेत. कोण सांभाळील?