सबस्टन्स पी अडवलं, तरी दुखणं का थांबलं नाही?

ठेचा हाताने कालवला की नंतर तासभर बोटांची आग होते. कातडी भाजलेली नसते, फोड आलेला नसतो, तरी आग खरीच असते. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदनेच्या चेतातंतूंच्या टोकावरची टीआरपीव्ही-१ ही वाहिनी उघडतं, आणि हीच वाहिनी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. तंतू दोन्ही वेळा एकच निरोप धाडतो.

हा निरोप विजेच्या रूपात मज्जारज्जूपर्यंत जातो. तिथे पहिला न्यूरॉन संपतो आणि पुढच्या न्यूरॉनच्या आधी एक सूक्ष्म फट असते. ती ओलांडायला निरोपाला रासायनिक रूप घ्यावं लागतं. ग्लुटामेट हा त्यातला मुख्य आणि चपळ निरोप्या. कळ जोरकस असेल तर काही तंतूंच्या टोकांतून त्याच्याबरोबर सबस्टन्स पी नावाचं पेप्टाइडही सुटतं. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो, पण जास्त वेळ टिकतो. एवढं पाठ्यपुस्तकातही मिळेल. संशोधनाकडे वळणार असाल, तर सबस्टन्स पीची पुढची गोष्ट जास्त कामाची आहे.

१९३१ मध्ये लंडनला उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात हा पदार्थ सापडला. त्यातला 'पी' हा 'पेन'चा नाही बरं का. प्रयोगातल्या कोरड्या पावडरीला दिलेली ती खूण होती, वेदनेचा तेव्हा विषयच नव्हता. १९७१ मध्ये सुझन लीमन यांच्या गटाने त्यातली ११ अमिनो आम्लं क्रमवार ओळखली. मग पुरावे जमत गेले: पदार्थ वेदनेच्याच तंतूंत सापडतो, कळ आली की सुटतो, पुढच्या न्यूरॉनला उत्तेजित करतो. त्याचा एनके-१ हा रिसेप्टर बंद केला की प्राण्यांमधली वेदनेची लक्षणं कमी होतात. आणखी काय हवं? कंपन्यांनी एनके-१ रोखणारी औषधं बनवली आणि माणसांवर चाचण्या घेतल्या. दाढ काढल्यानंतरचं दुखणं, सांधेदुखी, नसांचं दुखणं, कशातच म्हणावा असा उपयोग झाला नाही. या कुळातलं अ‍ॅप्रेपिटंट २००३ मध्ये मंजूर झालं, पण ते केमोथेरपीने होणारी मळमळ आणि उलटी रोखायला!

हे का झालं ते समजायला शरीर स्वतः वेदना कशी दाबतं ते पाहा. अफूतल्या मॉर्फीनसाठी मेंदूत रिसेप्टर आहेत हे १९७३ मध्ये दिसलं. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एनकेफॅलिन वेगळं केलं. अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे शरीराची घरची अफूच. ती पहिल्या न्यूरॉनच्या टोकावर बसते तेव्हा तिथल्या कॅल्शियमच्या वाहिन्या दबतात. कॅल्शियम आत आलं नाही की रसायनांच्या पिशव्या फुटत नाहीत, मग त्यांत ग्लुटामेट असो की सबस्टन्स पी. शिवाय पुढच्या न्यूरॉनमधून पोटॅशियम बाहेर पडतं आणि तो सहजी पेटत नाही.

फरक लक्षात आला का? एनके-१ रोखणारं औषध एका निरोप्याला अडवतं, ग्लुटामेटची वाट मोकळीच राहते. एनकेफॅलिन निरोप जिथून निघतो तो दरवाजाच ओढून घेतं. अपयशाचं हे एकच कारण नसेल, पण मला ते सगळ्यांत पटण्यासारखं वाटतं. अर्थात असे दरवाजे श्वास चालवणाऱ्या केंद्रांतही आहेत, म्हणून मॉर्फीन जास्त झालं तर श्वास थांबतो.

दुसरी अडचण मोजमापाची. उंदीर शेपूट किती सेकंदांत बाजूला घेतो हे आपण मोजतो आणि त्याला वेदना म्हणतो. शेपूट झटकणं ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूशी संबंध तुटला तरी ती होऊ शकते. माणूस मात्र सांगतो की दुखतंय, आणि ते 'दुखतंय' त्याच्या अपेक्षेने बदलतं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबो दिला, म्हणजे औषध म्हणून दिलेलं पण औषध नसलेलं काहीतरी. ज्यांना त्याने आराम पडला, त्यांचं दुखणं नॅलॉक्सोन दिल्यावर वाढलं. नॅलॉक्सोन अफूचे रिसेप्टर रोखतं. म्हणजे नुसत्या अपेक्षेनेही घरची अफू सुटली होती. प्लासिबोचा सगळाच परिणाम या वाटेने होतो असं नाही, पण चाचणीतला 'काहीच न दिलेला' गट कधीच रिकामा नसतो, हे तेव्हापासून नाकारता येत नाही. तुमच्या आराखड्यात 'कंट्रोल' हा शब्द लिहाल, तेव्हा तिथे थोडं थांबा.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजीन मंजूर झालं. ते निरोप मज्जारज्जूत पोचायच्या आधीच, तंतूंमधली एनएव्ही१.८ ही सोडियमची वाहिनी रोखतं. मंजुरी मात्र फक्त तीव्र, अल्पकाळाच्या दुखण्यासाठी आहे. सायाटिकाच्या रुग्णांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचं आणि प्लासिबो घेणाऱ्यांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं.