सहा चाकांची उभयचर गाडी: जुन्या हौदात नवी यंत्रणा

जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या सहा चाकी गाडीची पुढची चाके वळत नाहीत. तिला स्प्रिंग नसते आणि शॉक अॅब्सॉर्बरही नसतो. प्लास्टिकचा किंवा फायबरचा एक हौद, दोन्ही बाजूंना तीन-तीन फुगीर टायर आणि आत इंजिन, गिअरबॉक्स व चेन, एवढाच तिचा पसारा असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पौंड हवा भरतात. इथे दोन-तीन पौंड पुरते. खड्ड्यांचे हिसके हे टायरच झेलतात. चिखलात ते भार पसरवतात, पाण्यात गाडी तरंगती ठेवायला मदत करतात आणि त्यांच्यावरच्या उंचवट्यांनी वल्ह्यासारखे पाणी मागे लोटतात. पाण्यातला वेग मात्र ताशी चार-पाच किलोमीटरच.

या गाड्यांचा जन्म कॅनडातला. १९६१ मध्ये तिथे ‘जिगर’ नावाची छोटी सहा चाकी तयार झाली आणि १९६७ पासून ऑन्टॅरिओ प्रांतात ‘आर्गो’ बनू लागली. १९७० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत असे अनेक कारखाने होते. पुढे तेलाचे भाव भडकले, तीन-चार चाकी मोटरसायकली आल्या आणि बहुतेक बंद पडले. त्या काळातल्या गाड्यांचे हौद अजून धड असतात, पण टू-स्ट्रोक इंजिन आणि गिअरबॉक्स झिजलेले असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून अशी गाडी पुन्हा उभी करायची तर बहुतेकदा इंजिनापासून चाकापर्यंतची सगळी यंत्रणाच बदलावी लागते.

नवे इंजिन बसवणे हा त्यातला सोपा भाग. खरा कस लागतो तो वळण्याच्या व्यवस्थेत. एका बाजूची चाके थांबवायची आणि दुसऱ्या बाजूची चालवायची, म्हणजे गाडी घसरत जागच्या जागी फिरते. यासाठी चालकापुढे दोन लिव्हर असतात. काही गाड्यांत प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्लच आणि ब्रेक असतो. ‘मॅक्स’ नावाच्या उभयचर गाड्यांमधला ‘टी-२०’ गिअरबॉक्स याच जातीचा. दुसऱ्या पद्धतीत मध्ये डिफरन्शियल असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर ब्रेक. एक बाजू ब्रेकने पूर्ण रोखली की दुसरीचा वेग दुप्पट होतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही; शेताच्या बांधाशी वळताना तो आतल्या चाकाचाच ब्रेक दाबतो.

सांगली जिल्ह्यातल्या जत, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात ज्या यंत्रांची दुरुस्ती रोज होते, त्यांतच या दोन्ही पद्धतींचे पर्याय दडलेले आहेत. पॉवर टिलरच्या दोन्ही मुठींखाली स्टिअरिंग क्लच असतो, एकेका चाकाची ओढ तोडणारा. पण तो चाक फक्त मोकळे सोडतो, थांबवत नाही. टिलरला ते पुरते. सहा चाके जमिनीला चिकटलेल्या गाडीला पुरत नाही, तिथे वेगळे ब्रेक जोडावेच लागतात. शिवाय टिलरचे डिझेल इंजिन वजनाला भारी. त्यापेक्षा प्रवासी ऑटोरिक्षाची यंत्रणा जास्त जमणारी. इंजिन, चार गिअर, रिव्हर्स आणि डिफरन्शियल असा सगळा संच एकत्र मिळतो. मोटरसायकलचे इंजिन घालावे, तर ते वाऱ्याने थंड होते. बंद हौदात वारा कुठला? जुन्या रिक्षाच्या इंजिनावर स्वतःचा पंखा असतो, म्हणून ते आत टिकते. गरम हवा बाहेर काढणारी नळी मात्र पाण्याच्या पातळीपेक्षा बरीच वर ठेवायला हवी.

आता हिशोब. रिक्षाचा टायर सुमारे ४१ सेंटिमीटर व्यासाचा. ताशी ५५ किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ७१० फेरे घेते. उभयचर गाडीचा टायर ५६ सेंटिमीटरचा आणि तिला ताशी २५ किलोमीटर पुष्कळ झाले, म्हणजे फेरे हवेत २४० च्या आसपास. वेग तिसऱ्या हिश्शावर आणायचा, तर डिफरन्शियलच्या दोन्ही शाफ्टवर १२ दात्यांचे आणि मधल्या अॅक्सलवर ३६ दात्यांचे स्प्रॉकेट बसते. वेग एक तृतीयांश झाला की ओढ तिप्पट होते, आणि घसरत वळायला तीच लागते. ब्रेक डिस्क या कपातीच्या आधी, जोरात फिरणाऱ्या शाफ्टवर बसवली तर लिव्हरला एक तृतीयांश जोर पुरतो. मधल्या अॅक्सलवरून पुढच्या आणि मागच्या अॅक्सलकडे चेन जातात. एखादे चाक दगडावर अडले की त्या बाजूची सारी ओढ एका चेनवर येते. म्हणून चेन दमदार हवी आणि ताण देण्याची सोयही.

वजनाकडे दुर्लक्ष झाले तर गाडी पाण्यात दगा देते. दोन मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद हौद एक सेंटिमीटर खाली गेला की २४ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजेच २४ किलो पेलतो. ६० किलो जादा लोखंड भरले तर हौद अडीच सेंटिमीटर खाली बसतो, आणि ते सगळे मागे असेल तर मागची कड त्याहून जास्त. पाणी शिरते ते बहुधा अॅक्सल हौदातून बाहेर पडतो तिथून. सहाही ठिकाणचे बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घालावेत. हौदाची भेग जोडण्याआधी तो कशाचा आहे ते तपासावे: फायबरला रेझिन चालते, पॉलिथिनला ते धरत नाही, त्याला प्लास्टिक वेल्डिंगच लागते.

सांगली जिल्ह्यात भंगारातून वाहन घडवण्याची हौस नवी नाही. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. ती छोटी जीप नियमांत बसत नसल्याने तिला रस्त्यावर मज्जाव होईल, हेही महिंद्रांनी तेव्हाच लिहिले होते. सहा चाकी उभयचर गाडीलाही हेच लागू पडते. ती शेतात, खासगी आवारात चालवावी. सार्वजनिक रस्त्यावरून टेम्पोत घालून न्यावी.

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर पाहिलेल्यांना अशा गाडीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. पण ताशी पाच किलोमीटरची गाडी पुराच्या धारेत टिकणार नाही. तिथे इंजिनाची बोटच हवी. गल्लीत साचलेले संथ पाणी, पूर ओसरल्यावरचा गाळ आणि जत तालुक्यातील संख प्रकल्पासारख्या तलावांचा उन्हाळ्यात उघडा पडणारा चिखलाचा काठ, इथे तिची चाके उपयोगी पडतात. पहिली चाचणी मात्र कमरेइतक्या संथ पाण्यात, दोर बांधून, लाइफ जॅकेट घालून घ्यावी. अर्ध्या तासाने गाडी बाहेर काढून हौदाच्या तळाचे बूच उघडावे. किती पाणी निघते यावरून सील बसले की नाही ते कळते. मागची कड पुढच्यापेक्षा जास्त बुडत असेल, तर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवावी.