वाडा बांधावा की जोते जपावे?

"आजी, महाराजांचा वाडा कुठंय?" रायगडावर नातवाने विचारले आणि मी गडबडले. आदिलाबादहून एवढ्या लांब त्याला आणले ते राजवाडा दाखवते म्हणून. समोर होती नुसती दगडी जोती.

1674 साली शिवरायांचा राज्याभिषेक झाला तो याच गडावर. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी आग लागली आणि वाडे जळून गेले. ते पुन्हा उभारावेत, असे अनेकांना मनापासून वाटते. नुसती जोती बघून मुलांना काय कळणार? नातवाचे तोंड पाहून मलाही तेच वाटले.

पण वाचकहो, खांब कसे होते, छप्पर किती उंच होते, हे दाखवणारे त्या काळचे पूर्ण चित्र आपल्यापाशी नाही. अंदाजाने बांधलेला वाडा महाराजांचा म्हणायचा की आपला? शिवाय जोत्यांभोवतीची माती अजून बोलते आहे. 2021 साली गडावरच्या उत्खननात सोन्याची बांगडी सापडली. वर पाया घातला असता, तर ती कोणाला दिसली असती? जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत रायगड आहे. आता तर अस्सलपण जपण्याची जबाबदारी वाढली.

जर्मनीत बर्लिनचा राजवाडा 1950 साली पाडला गेला होता. त्याचे भरपूर फोटो होते, म्हणून बाहेरच्या तीन बाजू जशाच्या तशा उभारता आल्या. चौथी बाजू मात्र नवीच, आणि आत संग्रहालय. त्या जागेवरचे पूर्व जर्मनीच्या काळातले 'प्रजासत्ताकाचे भवन' त्याआधी पाडले, म्हणून कित्येक जण आजही हळहळतात. एक आठवण उभी करताना दुसरी पुसली गेली.

नातवाला मी जोत्याच्या कडेला उभे केले. म्हटले, "वाडा इथेच होता बाळा. तो जळाला, हीसुद्धा त्याचीच गोष्ट."

घरी परतल्यावर मला आपल्या उटनूरचा गोंड राजांचा किल्ला आठवला. तोही पडझडीला आला आहे. पण त्याच्या भिंती अजून आहेत. त्यांची मोजणी करावी, फोटो काढून ठेवावेत, दगडांत शिरलेली झाडे काढावीत, ढासळती बाजू सावरावी. नाहीतर उद्या कोणाचा तरी नातू तिथेही हाच प्रश्न विचारेल.