सुटलेली दारू सुटलेलीच राहावी म्हणून...

दारू सोडणारे पुष्कळ भेटतात; ती सुटलेलीच ठेवणारे मात्र थोडे. देवापुढे शपथ घेऊन चार महिने कोरडा राहिलेला माणूस एखाद्या वरातीत मित्राच्या आग्रहाने पहिला पेला उचलतो आणि घरच्यांची उरलीसुरली आशाही मावळते. अशा वेळी उपदेश करणारे खूप असतात. उणीव असते ती त्याच वाटेने जाऊन परतलेल्या सोबत्याची. स्वमदत गट नेमकी ही उणीव भरून काढतो.

या गटांचे मूळ १९३५ सालच्या अमेरिकेत आहे. बिल विल्सन हे शेअर बाजारातील व्यावसायिक आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघेही दारूच्या आहारी गेलेले, अ‍ॅक्रन शहरात भेटले. आपले अनुभव एकमेकांना सांगत राहिल्यास दारूपासून दूर राहता येते, हे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ म्हणजेच ‘एए’चा जन्म झाला. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही उपचारांइतकेच महत्त्व परस्परांच्या आधाराला आणि नंतरच्या पाठपुराव्याला दिले.

एएच्या सभेत साधारणतः तास-दीड तास बसायचे असते. तेथे डॉक्टर नसतो, हजेरीपट नसतो, प्रवेश शुल्कही नसते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. एकेक जण पहिले नाव सांगून आपली हकिगत मांडतो. मधे कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसाला बोलण्याची सक्ती नसते. नुसते ऐकले तरी चालते. ‘खुल्या’ सभेला नातेवाईकही येऊ शकतात. ‘बंद’ सभा केवळ व्यसनग्रस्तांसाठी असते. जन्मभराची प्रतिज्ञा येथे कोणी मागत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ न पिण्याचा संकल्प करायचा, एवढेच.

जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी अडचण निराळी असते. बाजारपेठेत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. दारूच्या दुकानात जाताना न वाटलेली लाज व्यसनमुक्तीच्या सभेला जाताना वाटते, हा विरोधाभास खराच. सभेत कळलेले नाव आणि ऐकलेली हकिगत बाहेर न्यायची नाही, हा गटाचा दंडक यासाठीच आहे. तरीही संकोच वाटल्यास एसटीने जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठून तेथील गटात बसता येते. करोनाकाळापासून ऑनलाइन सभाही रुळल्या आहेत. घरबसल्या भ्रमणध्वनीवरून त्यात सहभागी होता येते. केंद्र शासनाच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा १४४१६ या ‘टेलि-मानस’ सेवेवर विचारणा करावी. जिल्हा रुग्णालयातही मार्गदर्शन मिळू शकते. आणि गावात गट नसेल, तर दोघा-तिघांनी मिळून तो सुरू करावा. एएच्या परंपरेला तेवढी माणसे पुरतात.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हात थरथरणे, घाम येणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत घडू शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. गट हा उपचाराला पर्याय नसून त्याची जोड आहे. रुग्णाच्या नकळत जेवणातून औषध देणेही धोक्याचे ठरते, कारण काही औषधांवर दारू प्यायल्यास गंभीर प्रतिक्रिया उमटते.

घरच्या माणसांनाही आधार हवा असतो. कर्ज फेडणे, कामावर खोटी कारणे सांगणे, मुलांपासून लपवणे यांत पत्नी आणि आई पिचून जातात. त्यांच्यासाठी ‘अल-अनॉन’चे स्वतंत्र गट असतात. व्यसनी माणूस सभेला यायला तयार नसला, तरी घरच्यांनी वाट पाहत बसू नये. त्यांनी जायला सुरुवात करावी.

गटांचा उपयोग किती, हेही तपासले गेले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र पाहण्यात आली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रचलित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही मदतीपर्यंत पोहोचणारे आपल्याकडे फारच थोडे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या देशव्यापी पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाले होते.

वारकरी संप्रदायात माळ घातलेला माणूस दारूला शिवत नाही. त्याचा निश्चय टिकतो, कारण दिंडीत त्याच्या पुढे-मागे चालणारे असतात. गटाचे गमकही हेच. पाय घसरला तरी पुढच्या सभेला यावे. तेथे ‘पुन्हा प्यालास ना?’ असे कोणी हिणवत नाही, बसायला जागा करून देतात. पहिल्या सभेचा उंबरा ओलांडणे सर्वांत जड असते. तो ओलांडताना घरातील एखाद्याने सोबत केली, तर निम्मे काम झाले असे समजावे.