खाडीवरची वाट गाडीला कधी कळणार?

वसईच्या किल्ल्यापासून भाईंदरला जायचा रस्ता गाडीच्या पडद्यावर मागून बघा. आतला नकाशा चार-पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर तो तुम्हाला आधी वसई फाट्याला नेईल, महामार्गाने वर्सोवा पूल पार करायला लावील आणि घोडबंदरमार्गे भाईंदरला पोचवील. किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून फेब्रुवारी २०२४ पासून गाड्या नेणारी रो-रो फेरीबोट सुटते आणि पाण्यावरचं अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला जाणारी रो-रो २०२५ मध्ये सुरू झाली. तिने तर साठेक किलोमीटरचा वळसा वाचवला.

आपल्या वसई-विरार भागाइतका नकाशा बदलत राहणारा मुलूख थोडाच असेल. चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून २००९ मध्ये महापालिका झाली. २०१४ मध्ये ठाणे जिल्हा मागे पडून पालघर आला. आठ नंबरचा महामार्ग अठ्ठेचाळीस नंबरचा झाला. वर्सोव्याचा नवा पूल २०२३ मध्ये खुला झाला. कारखान्यातून गाडी बाहेर पडली त्या दिवशीच तिचा नकाशा जुना होऊ लागतो, आणि वसई-विरारमध्ये तो जरा जास्तच वेगाने जुना होतो.

उपग्रह आपल्याला रस्ता दाखवतो, असा पुष्कळांचा समज आहे. उपग्रहाच्या संदेशांवरून कळतं ते फक्त आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत एवढंच. रस्ता असतो गाडीच्या स्मृतीत, बिंदू आणि रेषांच्या जाळ्यात. प्रत्येक रेषेला लांबी, वेग, एकेरी-दुहेरी अशी माहिती जोडलेली असते. रो-रोसुद्धा या जाळ्यातली एक रेषाच. रेषाच नसेल तर हिशेब होणार कसा? म्हणून तर नव्या पुलावर गाडी असताना जुन्या पडद्यावरचा बाण कधी खाडीत तरंगतो, तर कधी शेजारच्या जुन्या पुलावर उडी मारतो.

गाडीतल्या नकाशांनी रूपंही बरीच बदलली. १९८१ मध्ये होंडाने काढलेल्या वाट दाखवणाऱ्या यंत्रात पारदर्शक फिल्मवर छापलेले नकाशे सरकवावे लागत. १९८५ च्या अमेरिकन ईटॅक यंत्रात नकाशा कॅसेटवर होता. आपल्याकडे राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे ‘मॅपमायइंडिया’ नकाशे अनेक गाड्यांत असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांच्या माहितीवरचे निर्बंध सैल केले आणि भारतीय कंपन्यांचं काम सोपं झालं.

आता प्रत्यक्ष अपडेटकडे वळू. सेटिंग्जमध्ये नकाशाची आवृत्ती दिसते, ती टिपून ठेवा. घर, ऑफिस, आवडीची ठिकाणंही लिहून ठेवा. काही यंत्रांत ती पुसली जातात. नव्या गाड्यांत सिम असतं, तिथे पडद्यावरची सूचना स्वीकारली की काम झालं. बाकीच्यांनी कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून फाइल उतरवायची. ती काही जीबींची असते, तेव्हा घरचं वायफाय बरं. मग पेनड्राइव्हवर घेऊन गाडीत लावायची. एसडी कार्ड असेल तर ते चुकूनही फॉरमॅट करू नका. बऱ्याच गाड्यांत कार्ड आणि यंत्र एकमेकांशी बांधलेली असतात, नक्कल केलेलं कार्ड चालत नाही. काम पुरं होईपर्यंत गाडी बंद करायची नाही, पेनड्राइव्ह काढायचा नाही. मध्येच वीज तुटली तर यंत्र अडकतं आणि सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर आणा. बंदिस्त पार्किंगमधला धूर जिवावर बेततो. झाल्यावर ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू राहिलेला नाही ना, तेही बघा. तो चालू असला तर नकाशा नवा असूनही रो-रो दिसायची नाही.

तरीही काही गोष्टी अपडेटमध्ये येतच नाहीत. भुईगाव, गिरीज, निर्मळच्या वाड्यांमधून जाणारे रस्ते यंत्राला जवळचे वाटतात, पण समोरून टेम्पो आला की एकाला मागे जावंच लागतं. जुलै २०१८ मध्ये वसईत भरलं तसं पाणी भरलं की पेनड्राइव्हवरच्या नकाशाला ते कळायचं कसं? पावसाळ्यात सोबत फोनवरची ताजी वाहतूक बघणंच शहाणपणाचं.

आणि चूक दिसली तर कळवा. मॅपमायइंडियाच्या मॅपल्स अ‍ॅपवर तशी सोय आहे, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर तर कुणालाही स्वतः दुरुस्ती करता येते. कळवताना आळीचं, पाड्याचं इथल्या बोलीतलं नाव जरूर लिहा. दूरच्या कार्यालयात बसून नकाशा करणाऱ्याला ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?