टेपवरचा टर्नर

विज्ञानकथा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? यान, परग्रहावरचे हिरवे लोक, नाहीतर माणसावर उलटलेला रोबो. 'चाळिशीतला मेकॅनिक संध्याकाळी गॅरेज बंद करून काय शिकतो?' हा विज्ञानकथेचा विषय असू शकेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण मित्रहो, या प्रकारातल्या दोन गाजलेल्या कलाकृती याच विषयाभोवती फिरतात, आणि दोन्ही आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या अगदी घरच्या आहेत. त्या दोन्ही आधी सांगतो, मग तीच युक्ती आपल्याला कशी वापरता येईल ते बघू.

प्रश्न काय आहे?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकं लागू झाली. बहुतेक दुचाकींमधला कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आपल्या दृष्टीनं हा पेपरातला पाच मार्कांचा प्रश्न. पण गेटबाहेरच्या गॅरेजवाल्याचं काय? वीस वर्षं तो जेट साफ करून, स्क्रू पाव आटा फिरवून, नुसत्या कानानं आयडलिंग लावत आला. आता त्याच्यापुढे सेन्सर, ईसीयू आणि स्कॅनर. ते अंगवळणी पडतंय तोवर इलेक्ट्रिक स्कूटर दारात उभी! त्याला शिकायचं आहे, पण आपल्यासारखं चार वर्षं होस्टेलला येऊन राहणं त्याला परवडणार नाही. गॅरेज एक दिवस बंद म्हणजे एक दिवसाची कमाई बंद.

आपल्याकडे आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची आणि अप्रेंटिस कायदा १९६१ चा. या व्यवस्थेचा भर शाळेतून बाहेर पडलेल्या तरुणांवर. एकदा ट्रेड शिकला की रिटायर होईपर्यंत तो पुरणार, असं त्यामागचं गृहीतक. ते दिवस गेले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, कामावरच शिकलेल्या गवंड्याची किंवा वायरमनची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. सिंगापूरनं २०१६ पासून पंचविशी गाठलेल्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर शिकण्यासाठी ५०० डॉलर जमा केले, आणि २०२४ मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी ४००० दिले. म्हणजे प्रयोग चालू आहेत. पण पुढची वीस-तीस वर्षं कशी असावीत, हे कुणी आणि कसं ठरवायचं?

अहवाल आणि गोष्ट

अहवालात 'मनुष्यबळाचं कौशल्यवर्धन करण्यात येईल' असं लिहून भागतं. या वाक्यात कर्ताच नाही! कोण करणार, कुणाचं, किती वाजता, त्या दिवसाचा पगार कोण देणार, काहीच सांगावं लागत नाही. गोष्टीत मात्र ही पळवाट नाही. तिथे माणूस लागतो, त्याचं वय लागतं, घरी वाट बघणारी पोरं लागतात. 'असं झालं तर?' म्हणून जगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं आहे तसंच ठेवायचं आणि त्या माणसाचा एक साधा मंगळवार लिहून काढायचा. लिहिता लिहिता योजनेतली भोकं आपोआप दिसायला लागतात.

ही नुसती हौस नाही. इंटेल कंपनीत भविष्यवेधी म्हणून काम करणाऱ्या ब्रायन डेव्हिड जॉन्सन यांनी या पद्धतीवर २०११ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. यंत्राचं जसं आपण प्रोटोटाइप करतो, तसं भविष्याचं प्रोटोटाइप कथेतून करायचं, ही त्यांची कल्पना. फ्रान्सच्या संरक्षण खात्यानंही २०१९ मध्ये विज्ञानकथा लेखकांना याच कामासाठी बोलावलं.

रुडी आणि जॉर्ज

आता त्या दोन कलाकृती. पहिली म्हणजे कर्ट व्हॉनेगट यांची १९५२ सालची 'प्लेअर पियानो' ही कादंबरी. व्हॉनेगट हे जनरल इलेक्ट्रिकच्या जनसंपर्क विभागात नोकरीला होते, त्यामुळे कारखाना त्यांनी जवळून पाहिला होता. कादंबरीत रुडी हर्ट्झ नावाचा एक पट्टीचा लेथ ऑपरेटर आहे. तीन तरुण इंजिनिअर येतात आणि त्याच्या हाताच्या हालचाली टेपवर रेकॉर्ड करतात. पुढे ती टेप लेथ चालवते. रुडी घरी. गंमत (की शोकांतिका?) अशी, की आपली निवड झाली याचा रुडीला म्हातारपणीही अभिमान आहे. योगायोग बघा, त्याच १९५२ मध्ये एमआयटीत न्यूमरिकल कंट्रोलवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आलं. आज आपण सीएनसी म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

दुसरी म्हणजे आयझॅक असिमॉव्ह यांची १९५७ ची 'प्रोफेशन' ही दीर्घकथा. इथे शिकायला वर्षं लागत नाहीत. अठराव्या वर्षी एका दिवसात टेपवरून अख्खा धंदा मेंदूत उतरवतात. (सबमिशनच्या आठवड्यात ही सोय किती बरी पडली असती!) जॉर्ज नावाच्या मुलाला सांगतात की तुझा मेंदू टेपला लायक नाही, आणि त्याची रवानगी मंदबुद्धींच्या म्हणवल्या जाणाऱ्या एका संस्थेत होते. इकडे त्याचा मित्र मेटलर्जिस्ट होतो आणि एका मोठ्या स्पर्धेत उतरतो. तिथे नेमकं नव्या मॉडेलचं उपकरण समोर येतं. ते त्याच्या टेपमध्ये नसतं! तो हरतो. जॉर्ज विचारतो, अरे, पुस्तकं वाचून, हातानं करून हा शिकला असता तर नवं मॉडेलही शिकला नसता का? शेवटी कळतं की ती संस्था मंदबुद्धींची नाहीच. टेप तयार करायला कुणीतरी स्वतः विचार करणारं लागतंच ना, ती माणसं तिथे घडतात.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रौढांच्या शिक्षणाचे दोन कळीचे प्रश्न हाताशी येतात. रुडीचा प्रश्न: कारागिराच्या हातातलं ज्ञान काढून घेतलं तर ते कुणाच्या मालकीचं? आणि जॉर्जच्या मित्राचा प्रश्न: शिकवलेलं जुनं झाल्यावर स्वतःहून शिकण्याची ताकद माणसात उरते का?

एक प्रयोग

मी ही युक्ती वापरून एक छोटी गोष्ट रचली. साल २०४५. अठ्ठेचाळीस वर्षांचा एक टर्नर. बदललेली गोष्ट एकच: त्याच्या चष्म्यातच मास्तर बसलाय. कुठलाही नवा जॉब आला की डोळ्यांसमोर बाण उमटतात, 'इथे पकड, एवढं फिरव'. कोर्स नाही, क्लास नाही, रजा नाही. दर महिन्याला चष्म्याच्या कंपनीला भाडं द्यायचं, बस.

आमच्या वर्कशॉपच्या एका इन्स्ट्रक्टर सरांना मी ती चहाच्या सुट्टीत ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाण ठीक आहेत रे. पण कटिंगचा आवाज बदलला की आपला हात आपोआप फीड कमी करतो. तुझा चष्मा ते सांगेपर्यंत टूल मोडलेलं असेल. आणि हो, तेलकट हातानं तो पुसायचा कसा?"

या दोन वाक्यांत गोष्टीचा पुढचा भाग तयार झाला. चष्म्यालाही तो आवाज ओळखता यावा म्हणून कंपनी आता टर्नरचे हात आणि कान रेकॉर्ड करायला लागते. म्हणजे भाडं तो भरतोय आणि शिकवतोयही तोच! रुडी परत आला. मग मी प्रश्न मांडले: चष्मा काढल्यावर त्याला काय येतं? त्याला चुका करून बघायची मुभा कुठे आहे? त्यानं चष्म्याला शिकवलं त्याचे पैसे त्याला का मिळू नयेत?

मग उलटी गोष्ट करून बघितली. समजा, प्रत्येक कामगाराला वर्षाला पंधरा दिवस पगारी शिक्षणरजा मिळते. ऐकायला छान. पण दोन माणसांचं गॅरेज असेल तर? एक गेला की निम्मं गॅरेज बंद. म्हणजे नुसती रजा देऊन भागणार नाही, तेवढे दिवस काम सांभाळणारा बदली मेकॅनिकही लागेल. कदाचित आयटीआयच्या शेवटच्या वर्षाची मुलं? त्यांनाही खरं काम शिकायला मिळेल. हा मुद्दा मला गोष्ट लिहिली म्हणून सुचला.

अर्थात, गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. सगळं वाटोळं झालेलं जग रंगवणं सोपं असतं आणि वाचायला चटकदारही. कारागिराला बिचारा करून टाकायचा मोहही होतो. त्यावर औषध एकच, ज्याच्याविषयी लिहितो त्याला आधी वाचून दाखवायचं, आणि त्यातून निघालेल्या कल्पना पुढे आकड्यांवर तपासायच्या.

हे सगळं होस्टेलच्या पोरांना सांगायचं कारण म्हणजे रुडीच्या लेथवर टेप लावणारे ते तिघं आपल्यासारखेच नवे इंजिनिअर होते. चारपाच वर्षांनी आपणही कुठल्यातरी कारखान्यात असू आणि कुणाचं तरी काम बदलून टाकणारं यंत्र बसवत असू. आणि आणखी वीस वर्षांनी आपलीच डिग्री जुनी झालेली असेल!

म्हणून एक सुचवतो. मेसच्या बाहेरच्या भित्तिपत्रकाची एक बाजू या गोष्टींसाठी ठेवूया. एक पान पुरे. वायरमन, मेसचे आचारी, लॅब असिस्टंट, ऑफिसातल्या मॅडम, यांपैकी कुणाचाही २०४५ मधला एक मंगळवार लिहा आणि टाकण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. त्यांनी स्वतः लिहिलं तर फारच उत्तम. नाव द्यायची लाज वाटत असेल तर खुशाल टोपणनाव घ्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा 'नारायण विनायक जगताप' या नावानंच पाठवली होती, आणि बक्षीस त्यांनाच मिळालं.