बंबामागची माणसं (लेखांक ४) : अठराव्या वर्षापर्यंत थांबायचं कशाला?

पोलीस भरती आणि सैन्य भरती यांची वाट मावळातल्या नववी-दहावीच्या मुलांना कुणी वेगळी दाखवावी लागत नाही. फायरमन व्हायचं तर दहावीनंतर सहा महिन्यांचं राज्य प्रशिक्षण असतं आणि वरच्या पदांसाठी नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, हे मात्र सहसा त्यांच्या कानावर पडत नाही. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेचं दारही अठरा ते चाळीस वयाच्या स्वयंसेवकांसाठीच उघडतं. मुलगा किंवा मुलगी पुढची वाट ठरवते ती त्याच्या आधी, तेरा ते सतराच्या दरम्यान, आणि नेमकी तीच वर्षं आपण रिकामी सोडली आहेत.

या तालुक्यात तरी ती रिकामी राहू नयेत. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलाजवळ टँकर उलटून पेटला, जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडलं आणि चार जणांचा बळी गेला. पेटलेल्या द्रवावर नुसतं पाणी मारून भागत नाही, फेस मारावा लागतो, आणि तो कधी व कसा मारायचा हे शिकलेली माणसं घाटात जवळ असावी लागतात. शिकवणारेही इथेच आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यात आहे, नगरपरिषदांची अग्निशमन केंद्रं आहेत, आणि दऱ्यांत उतरणारे 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक लोणावळ्याचेच.

यांच्याकडून मुलांना शिकवायचं म्हणजे कोवळ्या पोरांना आगीच्या तोंडी द्यायचं का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर सरळ आहे : घटनास्थळी एकालाही न्यायचं नाही. जर्मनीत गावोगावच्या स्वयंसेवी दलांना जोडून मुलांची पथकं चालतात, तीही याच शिस्तीने. आपल्याकडेही अग्निशमन केंद्राच्या आवारातच होज उलगडायचा, दोन तुकड्यांची कपलिंगं खट्ट आवाज येईपर्यंत एकमेकांत बसवायची, दाबाने मागे रेटणारी ब्रँच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, दोघांनी मिळून धरायची आणि शेवटी ओला होज निथळवून नीट गुंडाळायचा. यात धोका फार थोडा, पण हे काम एकट्याचं नव्हे हे मुलांच्या अंगात पक्कं मुरतं. मुलींना तर हे आवर्जून दाखवायला हवं. २००२ साली हर्षिनी कान्हेकर नागपूरच्या महाविद्यालयात दाखल झाली, तेव्हा ती तिथली पहिली विद्यार्थिनी होती.

फायरमनच्या जागा थोड्या निघतात आणि भरती रखडते, हा आक्षेप जास्त जड आहे, आणि तो खराही आहे. म्हणून नोकरीचं आश्वासन कुणी देऊ नये. पण २००६च्या राज्य कायद्याने इमारती आणि कारखान्यांवर अग्निसुरक्षेची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यातही हे शिक्षण वाया जात नाही. १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सप्ताह पाळतात, पण तो ऐन परीक्षांच्या दिवसांत येतो. मावळातल्या मुख्याध्यापकांनी एप्रिलची वाट न पाहता, जूनमध्ये शाळा उघडताच जवळच्या अग्निशमन केंद्राला पत्र द्यावं आणि नववीच्या वर्गासाठी महिन्यातला एक शनिवार मागून घ्यावा.